शिफ्ट बघून डबा, गुरुवार बघून खेळ

पिंपरी-चिंचवड, भोसरी, तळवडे, चाकण या पट्ट्यात घराचं घड्याळ कंपनीच्या भोंग्यावर चालतं. सात ते साडेतीन फर्स्ट, साडेतीन ते बारा सेकंड, त्यानंतर नाईट. कंपनीगणिक अर्धा तास इकडेतिकडे. दर आठवड्याला पाळी फिरते, तशी घरातली जेवणाची आणि झोपेची वेळही फिरते. मुलांच्या आहाराबद्दलचे सल्ले मात्र असे असतात, की जणू रोज सकाळी आठला सगळं घर मिळून नाश्त्याला बसतं. भिजवलेले बदाम, अकराला फळ, चारला मोड आलेले मूग, संध्याकाळी सातला सहकुटुंब जेवण. मेदनकरवाडीतल्या किंवा नाणेकरवाडीतल्या भाड्याच्या खोलीत हा तक्ता भिंतीला चिकटवून बघा. संध्याकाळी सातला वडील लाइनवर असतात आणि आई नुकतीच कामावरून येऊन गॅसपाशी उभी असते.

शिफ्ट बदलणं बहुतेकांच्या हातात नाही. तेव्हा ती आहे तशी धरून मुलांचं खाणं आणि खेळणं तिच्याभोवती कसं बसवता येईल, ते पाहू.

कँटीनचं ताट आणि घरचं ताट

ठरावीक संख्येहून जास्त कामगार असतील तिथे कायद्याने कँटीनची सोय करावी लागते. मोठ्या कंपन्यांच्या कँटीनमध्ये पोळी, भाजी, उसळ, वरण-भात, कांदा-काकडी, कधी ताक असं ताट अगदी कमी पैशांत मिळतं. म्हणजे कमावता माणूस दिवसातून एकदा तरी नीट जेवतो. गंमत घरी होते. तो घरी जेवायला नसला की स्वयंपाक आकसतो. 'आपल्यापुरतं काय करायचं' म्हणून आई चहा-चपातीवर भागवते आणि मुलांपुढे दोन मिनिटांच्या नूडल्स येतात. ज्या आठवड्यात वडील कँटीनला जेवतात, त्याच आठवड्यात मुलांच्या पोटात डाळ कमी जाते. तेव्हा पहिला नियम हा करा: घरी कोण आहे, कोण नाही, ते न बघता डाळ किंवा उसळ रोज एकदा शिजलीच पाहिजे. कुकर लावायला माणसं मोजू नका.

पुढचं पाळीप्रमाणे ठरवा. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात पहाटे कणीक मळली जातेच, त्याच वेळी मुलाच्या डब्याची पोळी-भाजीही होऊ द्या. नंतर 'वेळ मिळाला तर' म्हटलं की त्या डब्यात बिस्किटं जातात. या आठवड्यात वडील चारच्या सुमारास घरी येतात, म्हणजे मुलांना मैदानावर नेण्याचा हाच आठवडा. सेकंड शिफ्टमध्ये रात्रीचं जेवण एकत्र होत नाही, दुपारचं होऊ शकतं. शाळा सकाळची असेल तर दुपारी एकचं जेवण हेच घरचं मुख्य जेवण धरा. रात्री मुलांना आठच्या आत हलकं खाऊ घालून झोपवा. बाबा साडेबाराला येईपर्यंत मुलं जागी ठेवण्याची हौस अनेक घरांत दिसते. मायेपोटीच असते ती, पण सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ तासांहून कमी झोप पुरत नाही, आणि अपुरी झोप झालेलं मूल दुसऱ्या दिवशी गोड आणि तळलेलंच मागतं.

नाईटचा आठवडा सगळ्यात अवघड वाटतो, पण नाश्त्याच्या दृष्टीने तोच उत्तम. वडील साडेसातला घरी येतात आणि मुलं आठला शाळेला निघतात. मधला अर्धा तास सगळे समोरासमोर. येताना कंपनीच्या गेटबाहेरून वडापावची पुडी आणण्याऐवजी कोपऱ्यावरून सहा अंडी आणली, तर पोळीत अंडाभुर्जी गुंडाळून दहा मिनिटांत नाश्ता होतो. अंडं चालत नसेल तर आदल्या रात्री भिजवलेल्या मुगाचं धिरडं.

आणखी एक. ज्या आठवड्यात आईची शिफ्ट सकाळची, त्या आठवड्यात डबा बाबांनी भरायचा. वायरिंग हार्नेसच्या, पॅकिंगच्या लाइनवर आज हजारो बायका उभ्या आहेत. आठ तास उभं राहून आलेल्या बाईला 'मुलांच्या आहाराकडे लक्ष द्या' असं एकटीला सांगणारा कुठलाही लेख अर्धवट आहे.

पाच रुपयांची माळ

कुठल्याही खोल्यांच्या चाळीखालचं किराणा दुकान बघा. दाराच्या वरच्या दांडीला पाच-पाच रुपयांच्या पाकिटांच्या माळा लटकतात: चिप्स, कुरकुरीत नळ्या, मसाल्याचे गोळे, क्रीमची बिस्किटं. माळेचं शेवटचं पाकीट सात वर्षांच्या मुलाच्या नाकासमोर येईल एवढ्या उंचीवर असतं. खाली बरणीत फुटाणेही असतात, पण बरणी काउंटरच्या आत, मुलाला दिसत नाही. आई कामावर जाताना दहाची नोट ठेवून जाते. ती नोट कुठे जाणार, हे त्या दोन उंचींनी ठरवलेलं असतं.

यावर रागावून उपयोग नाही, घरात तीच युक्ती करायची. मुलाचा हात पोचेल अशा फळीवर तीन डबे ठेवा: एकात शेंगदाणे आणि गूळ, दुसऱ्यात फुटाणे-मुरमुरे, तिसऱ्यात राजगिऱ्याचे लाडू किंवा खजूर. बाजूला केळी किंवा पेरू. शाळेतून आल्यावर पहिली भूक सडकून लागते, तेव्हा समोर जे दिसेल ते मूल खातं. चार-पाच वर्षांखालच्या मुलांना मात्र अख्खे शेंगदाणे-फुटाणे देऊ नका, घशात अडकतात. त्यांना कूट करून लाडू द्या.

थंड पेयांचा हिशोब एकदा मुलांसमोर चमच्याने मांडा. कोलाच्या अडीचशे मिलीच्या बाटलीत साधारण २६ ग्रॅम साखर असते, म्हणजे सपाट पाच-सहा चमचे. दिवसभरात वरून घातलेली साखर २५ ग्रॅमच्या आत राहिलेली बरी, असं जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसासाठी सांगते. मुलाचा वाटा त्याहून कमीच. एका बाटलीत दिवस संपला. त्याहून वाईट आहेत ती वीस रुपयांत मिळणारी 'एनर्जी'ची पेयं. त्यांच्यात कॅफिन असतं आणि मुलांसाठी योग्य नाही असा इशारा बाटलीवर बारीक अक्षरात छापलेला असतो, कारण तो छापणं सक्तीचं आहे. आठवी-नववीची मुलं क्रिकेट झाल्यावर तेच पितात. लिंबू, मीठ, थोडी साखर आणि पाणी याने तहान जास्त चांगली भागते.

बाजाराच्या बाबतीत चाकणकर खरं तर भाग्यवान आहेत. कांदा-बटाट्याची एवढी मोठी बाजारपेठ दारात, खेड, मंचर, जुन्नरकडचा ताजा भाजीपाला रोज येतो. मेथी, चाकवत, शेपू, गवार स्वस्त असते त्या दिवसांत दोन जुड्या जास्त घ्या. महागडं परदेशी फळ, बियांची पाकिटं, डबाबंद पावडर यांतलं काहीही मुलाच्या वाढीसाठी आवश्यक नाही.

या पट्ट्याची आणखी एक श्रीमंती आहे आणि ती आपण लपवून ठेवतो. इथे मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून, उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेली घरं आहेत. प्रत्येक घराबरोबर एक खाणं आलं. लातूर-बीडकडची ज्वारीची भाकरी, खानदेशातली ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वैदर्भीय झुणका, बिहारचं सत्तू. पोषणाच्या तराजूत यांतलं काहीही मैद्याच्या पावाला हरवेल. पण मुलं शाळेत भाकरीचा डबा उघडायला लाजतात. 'गावाकडचं' दिसतं म्हणे. ही लाज आपणच त्यांना शिकवली आहे, पाहुणे आले की भाकरी आत सरकवून. आठवड्यातून एक दिवस वर्गात प्रत्येकाने आपल्या गावाकडचा पदार्थ आणायचा, असं एखाद्या शिक्षिकेने ठरवलं तर महिनाभरात चित्र पालटेल.

बारीक दिसतो, म्हणजे ठीक?

आपल्याकडे गोंडस म्हणजे सुदृढ आणि बारीक म्हणजे अशक्त, अशी सरळ विभागणी आहे. पुण्यातल्याच एका संशोधनाने ती मोडीत काढली. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांतल्या माता आणि मुलांचा अभ्यास करत आले आहेत. तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली साडेतीन किलोची. पण वजनातला फरक पडला तो स्नायूंत. चरबी मात्र या लहानशा बाळांनी जपून ठेवलेली. पुढे २००४ मध्ये याज्ञिकांनी 'लॅन्सेट'मध्ये आपला आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी-शेजारी छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, तंतोतंत सारखा, २२.३. युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के चरबी, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. दिसायला बारीक, आतून चरबी जास्त: ही आपल्या लोकांची ठेवण. मधुमेह आपल्याला लवकर गाठतो, त्यामागे ती आहेच.

म्हणून मुलाला नुसतं वजनकाट्यावर उभं करू नका. सुतळी घ्या. मुलाच्या उंचीएवढी कापा आणि बरोबर मधोमध दुमडा. ती अर्धी सुतळी पोट न आवळता कमरेभोवती पुरली पाहिजे. पुरली नाही, टोकांत फट राहिली, तर पोटावर चरबी साठते आहे असं समजा, मग वजन काहीही असो. सहा वर्षांपुढच्या मुलांना ही कसोटी चालते. दुसरी खूण मानेवर. मानेची मागची बाजू, काख काळी, मखमलीसारखी जाडसर झाली की अनेक आया ती मळ समजून दगडाने घासतात. घासून ती जाणार नाही. ती बहुधा इन्सुलिन नीट काम करत नसल्याची खूण असते. अशा मुलाला डॉक्टरांना दाखवा.

दुसरी बाजूही तितकीच खरी. २०१६-१८ च्या राष्ट्रीय सर्वंकष पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयातली २४ टक्के मुलं-मुली हडकुळी आढळली, जादा वजनाची ५ टक्के. आणि रक्त कमी असलेल्या मुली ४० टक्के, मुलगे १८ टक्के. एकाच मजल्यावरच्या दोन खोल्यांत ही दोन्ही मुलं राहतात. दोघांनाही स्नायू हवेत, म्हणजे दोघांनाही डाळ-अंडं-दूध आणि दोघांनाही खेळ हवा.

मुलींच्या रक्ताचं काय करायचं? शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी टाकून देऊ नये. जेवणानंतर घेतली की मळमळत नाही. वर्षातून दोनदा, फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये, जंताची गोळी. आणि जेवणाबरोबर किंवा जेवणावर लगेच चहा नको, तो लोह शोषू देत नाही. तासभर थांबा. ताटात लिंबाची फोड किंवा आवळ्याचं लोणचं असू द्या. चहा-चपाती हा या पट्ट्यातल्या कित्येक मुलींचा सकाळचा नाश्ता आहे. तेवढाच एक बदलला तरी बराच फरक पडेल.

बाबा झोपलेत

खेळाकडे वळू. इथल्या मुलांच्या हातात मोबाइल का येतो, याचं एक कारण कुठल्याच सर्वेक्षणात सापडणार नाही. नाईट करून आलेला बाप दिवसा झोपलेला असतो. खोली एक, मधे पडदा. मुलांनी आवाज करायचा नाही. त्यांना गप्प बसवायला मोबाइलइतकं सोपं साधन नाही. बाहेर पाठवावं तर तळेगाव-चाकण-शिक्रापूर रस्त्यावर आणि पुणे-नाशिक महामार्गावर कंटेनरांची रांग. सायकल चालव म्हणणाऱ्याने आधी एकदा चाकणच्या तळेगाव चौकात संध्याकाळी सहाला उभं राहावं.

पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी एक तास घाम येईल इतपत हालचाल करावी आणि त्यातले निदान तीन दिवस हाडं-स्नायू बळकट होतील असे खेळ असावेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. हा तास सलग हवा असं नाही. वीस-वीस मिनिटांचे तीन तुकडे चालतात. सकाळी गच्चीवर दोरीवरच्या उड्या, शाळेच्या मधल्या सुट्टीत लंगडी, संध्याकाळी लगोरी, झाला तास. सूर्यनमस्कार एका सतरंजीच्या जागेत होतात आणि झोपलेला बाबा उठत नाही.

एकेका घराने मैदान शोधण्यापेक्षा चाळीने मिळून शोधावं. एका वेळी एका घरचं मोठं माणूस दहा मुलांना घेऊन गेलं की पाळी आठवड्यातून एकदाच येते. शिफ्टच्या लोकांना पाळी लावणं कुणी शिकवायला नको. पिंपरी-चिंचवडमध्ये जागा तशा आहेत: नेहरूनगरचं हॉकीचं मैदान, एच. ए. कॉलनीचं मैदान, निगडीची दुर्गा टेकडी, प्राधिकरणातल्या सेक्टरवार बागा. तळेगावच्या वाटेवर घोरावडेश्वराचा डोंगर तर सहा वर्षांचं मूलही चढतं. चाकणकडच्या वाड्यांमध्ये असं आखलेलं काही नाही, गावं बघता बघता फुगली. तिथे शाळेचं पटांगण हाच आधार.

आणि गुरुवार. एमआयडीसीतल्या बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, मुलांची रविवारी. बाप आणि लेक यांचा मोकळा दिवस कधी जुळतच नाही. रविवार जुळवता येत नसेल तर गुरुवारची संध्याकाळ राखून ठेवा. शाळा सुटल्यापासून अंधार पडेपर्यंतचे दोन तास. त्या दिवशी मॉल नको, टेकडी.

खेळ कोणता, याचा फार विचार करू नका. क्रिकेटचं वेड ठीक आहे, पण त्यात अर्धी मुलं फिल्डिंगला नुसती उभी असतात आणि मुलींना बहुधा बोलावतच नाहीत. खो-खोला दोन खांब आणि मोकळी जमीन पुरते, नऊ मिनिटांत दम निघतो. १९ जानेवारी २०२५ ला दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक भारताच्या दोन्ही संघांनी जिंकला. पुरुषांचा कर्णधार प्रतीक वाईकर, महिलांची प्रियांका इंगळे, दोघेही पुण्याकडचे. मुलीला मैदानावर पाठवायला कां-कूं करणाऱ्या घरात एवढं सांगून पाहा. भोसरीत कुस्तीची जुनी परंपरा आहे, जत्रांचे आखाडे अजून भरतात, तालीमही चांगलीच. फक्त खुराक पैलवानाचा आणि बैठका शून्य, असं होऊ देऊ नका. तूप-बदामाने नुसतं पोट सुटतं.

खोलीवरच्या पोरांसाठी

आता अठरा ते चोवीसच्या मुलांशी थोडं. आयटीआय करून आलेले, ट्रेनी किंवा कंत्राटी, खराबवाडी-महाळुंगेला चौघांत एक खोली. घरची शिस्त सुटलेली, पगार पहिल्यांदाच हातात. नाईटला जाताना नीट जेवून जा. रात्री दोन-तीनला पोट भरून खाऊ नका, केळं, फुटाणे, ताक पुरे. झोप येते म्हणून कॅफिनच्या दोन-दोन बाटल्या पिऊ नका. सकाळी झोप लागत नाही, मग पुढच्या रात्री तीन लागतात. मेसचं वरण पातळ असेल तर खोलीवर सत्तू ठेवा. पाणी, लिंबू, कांदा, मीठ घातलं की झालं, गॅससुद्धा लागत नाही. बिहारचा रूममेट असेल तर तो करून दाखवील.

जिमला जरूर जा. पण प्रोटीनच्या डब्यावर पगाराचा हप्ता घालवण्याआधी महिनाभर रोज तीन अंडी किंवा दोन वाट्या घट्ट वरण खाऊन बघा. आणि कुणी स्टेरॉइडचं इंजेक्शन देऊ केलं, 'सायकल मारू' म्हणालं, तर त्या जिमची पायरी पुन्हा चढू नका. 'लाइनवर उभा असतो, व्यायाम होतोच' हेही खरं नाही. एका जागी उभं राहून पाय दुखतात, दम वाढत नाही.

शाळेत विचारा

हे सगळं एकट्या घरावर टाकणं योग्य नाही. कायदा पालकांच्या बाजूने आहे, वापरला जात नाही एवढंच. शाळेच्या कँटीनमध्ये जादा चरबी, साखर, मिठाचे पदार्थ विकू नयेत असं राज्याच्या शिक्षण विभागाने मे २०१७ मध्ये काढलेला आदेश सांगतो. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनी ही मनाई शाळेच्या फाटकापासून पन्नास मीटरपर्यंत वाढवली. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम धान्य आणि २० ग्रॅम डाळ, सहावी ते आठवीला १५० आणि ३० ग्रॅम ठरवून दिली आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळेला मैदान हवंच, आणि शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात.

त्या समितीत बसणारे पालक म्हणजे तुम्हीच. तीन गोष्टी मागा. पी.टी.चा तास गणिताला देऊ नका. शाळा सुटल्यावर पटांगण दोन तास उघडं ठेवा, देखरेखीला पालकांची पाळी लावू. आणि परिसरातल्या कंपन्या सीएसआरचा निधी घेऊन आल्या, की भिंती रंगवून फोटो काढण्याऐवजी मैदानाचं सपाटीकरण, खो-खोचे खांब आणि मुलींसाठी स्वच्छतागृह मागा. स्वच्छतागृह नसलं की मुली पाणी पीत नाहीत आणि खेळतही नाहीत.

समितीची पुढची सभा कधी आहे, ते या आठवड्यात मुख्याध्यापकांना विचारून घ्या. सेकंड किंवा नाईट असेल तर दिवसा जाता येतं. फर्स्ट असेल तर सभा साडेचारनंतर ठेवा म्हणून सांगा.